पायताण ठिवा, फ्लॉपी न्या

बसा. च्या घ्या. बशीत वता खुशाल, हितं कोण बगाय न्हाई. पर एक आदीच सांगते. आता जे सांगणार हाय, त्यातला एक शबुद जरी तुमी खरा मानून दावला ना, तर ही कपबशी तुमची, घिऊन जावा घरला. मानशीलाच न्हाई. चौथीतनं शाळा सुटल्याली बाई, कीबोर्डाला जल्मात बोट लावलं न्हाई, आन म्हणं हिनं कॉम्प्युटरची कंपनी बुडवली. कोण मानंल?

तरी बुडवली. एकटीनं. कुणाची मदत न घेता.

कवाची गोष्ट म्हणता? तवा इस्लामपुरात बाहेरगावी फोन करायचा तर एसटीडीच्या खोक्यापुढं रांग लावायला लागायची. मी माणातली, दहिवडीकडची. मालक मुंबैला मिलमधी हुतं. ते गेलं, तसा भाऊ म्हणला, आक्का, ये हिकडं. मग भाऊ बी गेला, आन घरात ऱ्हायलो मी आन त्येचा पोरगा इलास. इलासची मी आत्ती, म्हणून साऱ्या गल्लीची आत्ती.

ह्या इलासनं फुडच्या खोलीत कॉम्प्युटर आणून बसवला. डेरीला दूध घालणाऱ्या लोकांचा हिशेब करायचा प्रोग्राम लिवायचा आन तो दूध संघाला द्यायचा, असा बेत. जोडीला दोघं घेतली.

एक सुकुमार. आष्ट्याच्या जैनाचा पोरगा, घरी हळदीचं रान. नाव सुकुमार, आन दारातनं आत येताना तिरकं व्हावं लागायचं बिचाऱ्याला. त्येच्या आईची शिस्त लय कडक. दिस बुडायच्या आत जेवायचं म्हंजे जेवायचंच. त्यामुळं दुपार कलली की ह्येचं ध्यान कॉम्प्युटरवरनं उडून आष्ट्याच्या एसटीकडं लागायचं.

दुसरी सुजाता. तासगावाकडची, बुद्ध समाजातली. बाप एसटीत कंडक्टर. पोरीला शिकवायचं म्हणून त्येनं पोटाला चिमटा काढल्याला. सकाळी ती एका क्लासात पोरास्नी कॉम्प्युटर शिकवायची, आन दुपारी मालक जेवाय गेला की तितल्याच मशीनवर आमचं काम करायची. काम झालं की पुसून टाकायची, मालकाला कळाय नगं म्हणून.

ह्या पोरीवर माझा लय जीव. का सांगू? साऱ्या गल्लीत मला उलट जवाब देणारी ती एकटीच.

"आत्ती, तुमी शिकला असता तर आमचं कसं झालं असतं?" असं इचारायची.

"तुमी माझ्या हापिसात झाडू मारला असता."

"मग बरं झालं तुमची शाळा सुटली."

तर ह्या पोरीचं सगळं ह्या कामावर टांगल्यालं. बापानं सांगून ठिवलं हुतं. संघाचं काम मिळालं, पगार सुरू झाला, तर ऱ्हा इस्लामपुरात, लग्नाचं नाव काढणार न्हाई. न्हाई मिळालं तर चल घरला, स्थळं बगायची हायती. पोरीला घरला जायचं न्हवतं. तिला ह्योच उद्योग करायचा हुता, आन हितंच करायचा हुता.

आता घोळ कसा झाला ते ऐका. तिघांची तीन मशीनं. एक हितं, एक क्लासात, एक आष्ट्याला. एका मशीनचं दुसऱ्याला ठावं न्हाई. समदं न्यायचं-आणायचं ते फ्लॉपीवर. फ्लॉपी म्हंजे हातावर मावंल एवढी काळी चपटी चौकट, तिच्यात लिवल्यालं ऱ्हातंय. प्रत्येकाकडं आपली फ्लॉपी, आन प्रत्येकाला वाटायचं माझ्याजवळचंच खरं.

एक दिस सुकुमार भडकला. "म्हशीचं दूध गायीच्या भावानं लागत हुतं, ते मी दुरुस्त केल्तं. परत गायीच्या भावानं लागाय लागलं. माझं कुणी पुसलं?"

"मी न्हाई," इलास म्हणला. "मी फकस्त माझी फ्लॉपी घातली."

"तुझी फ्लॉपी परवाची हुती, विलासदादा," सुजाता म्हणली. "त्याचं काल केलेलं तुझ्या परवाच्याखाली गेलं."

मी आतनं भाकरी थापत ऐकत हुते. मग लागली चर्चा. खरी प्रत ठिवायची कुठं? सुकुमार म्हणला सांगलीत ब्यांकेच्या लॉकरात. इलास म्हणला माझ्या मशीनवर. सुजाता म्हणली, पुण्यात एक प्रोग्राम मिळतो, कोणी काय नेलं, काय बदललं, सगळं तोच ध्यानात ठेवतो. इलासनं त्येची किंमत ऐकली आन पाणी प्याला.

मी पिठाचा हात पदराला पुसत भाईर आले. म्हणलं, "आमच्या गावात लग्नाची मोठी भांडी सगळ्या गावाची मिळून असायची. हंडं, पराती, कायली. ती ठिवायची आमच्या घरात, माझ्या बापाकडं. एकानं न्हेली की ती परत येस्तवर दुसऱ्याचं लगीन थांबायचं. कवा भांडण झालं न्हाई."

"मग?" इलास म्हणला.

"मग काय? एकच फ्लॉपी खरी. ती माझ्याजवळ. ज्याला पायजे त्येनं न्यावी, जाताना एका पायातलं पायताण हितं ठिवावं. फ्लॉपी आणा, पायताण न्या. पायात एकच असलं की माणूस लांब जात न्हाई, आन लौकर परत येतंय."

इलास हसला. सुकुमार हसला. सुजाता मातर हसली न्हाई. ती म्हणली, "दादा, आत्ती बरोबर बोलतायत. पुण्याचा प्रोग्राम हेच करतो, फक्त चप्पल ठेवून घेत नाही."

झालं. मी त्या फ्लॉपीला लाल दोरा बांधला, आन फळीवर डब्यात ठिवली. वर आणिक एक नेम काढला. परत आणून देताना काय बदल केला ते मला कळंल असं तोंडानं सांगायचं. मगच आत घेणार.

"लूप दुरुस्त केला," सुकुमार म्हणायचा.

"लूप म्हंजे?"

"म्हंजे, तेच तेच परत परत करायचं, आत्ती."

"इलास बोलतो तसं?"

"व्हय, तसंच."

"मग कळलं. ठिव."

सुकुमार एका पायात पायताण घालून एसटीत चढायचा. लोक इचारायचं, आवं काय झालं? त्यो सांगायचा, हापिसचा नेम हाय. एकदा लबाडीनं पिशवीतनं जुनं पायताण घिऊन आला ठिवायला. म्या म्हणलं, पायातलं पायजे, दुकान न्हाई टाकलं मी. पर खरं सांगते, तवापास्नं कुणाचं काम पुसलं गेलं न्हाई. मी रुबाबात. गल्लीत सांगायची, कॉम्प्युटर माझ्या हुकमात चालतोय.

हितंच मी चुकले. शाणपणा तितंच थांबवायचा हुता. म्या इलासला म्हणलं, "इरजाण काढून ठिवलंस का?"

"कसलं इरजाण?"

"आरं, दही खायच्या आदी चमचाभर बाजूला काढतो का न्हाई आपण? उद्याचं दूध लावायला? तसं ह्येचं बी एक काढून ठिव. फ्लॉपी खराब झाली तर?"

इलास माझ्याकडं बगतच ऱ्हायला. मग त्येनं दुसऱ्या फ्लॉपीवर सगळं उतरून दिलं. म्हणला, "आत्ती, दर शनवारी मी ह्ये ताजं करत जाईन." ती मी दुसऱ्या डब्यात ठिवली, बिनदोऱ्याची. थोडे शनवार त्येनं ताजं केलं. मग संघाच्या साहेबांच्या मागं फिरायच्या नादात इसरला. इरजाण तसंच पडून ऱ्हायलं.

आन त्याच दिसांत सुजातानं मोठं काम काढलं. संघाच्या चेअरमननं अट घातल्याली. म्हणला, आमच्या गावागावात एका नावाची ढीगभर माणसं, त्यांचा घोळ सोडवा, तर काम तुमचं. पोरगी एसटीनं गावोगाव हिंडली. डेरीवर हुबी ऱ्हाऊन इचारायची, ह्यो आनंदा मोरे आन त्यो आनंदा मोरे, तुमी कसा वळखता? मग कळायचं, एक पिंपळाखालचा आनंदा, एक चष्म्याचा, एक मिलिटरीतनं आल्याला. तिनं प्रोग्रामात प्रत्येकाची अशी वळख घातली. पाय सुजल्यालं, त्वांड उन्हानं काळं पडल्यालं, पर माझ्यापुढं आली की हसायची. "आत्ती, आज चष्म्याचा आनंदा सापडला."

संघापुढं दाखवायचा दिस जवळ आला. खरी फ्लॉपी सुजाताकडं गेल्याली, तिचं पायताण माझ्या कोपऱ्यात. तेवढ्यात दुपारचा सुकुमार आला घाम पुसत. त्येला पावतीवरची मराठी अक्षरं नीट छापायची करायची हुती.

"आत्ती, फ्लॉपी द्या."

"न्हाई. सुजातानं न्हेलीया."

"आवं, आष्ट्यासनं आलोय. आता रिकामा जाऊ? आन दिस बुडायच्या आत घरी पोचायचंय मला."

आता बगा. संध्याकाळी शेजारची बाई वाटी घिऊन इरजाण मागाय आली, तर तिला रिकामी धाडायची न्हाई, ह्ये माझ्या आईनं मला शिकिवल्यालं. माझं ध्यान दुसऱ्या डब्याकडं गेलं. आन माझ्या डोस्क्यात किडा वळवळला. म्हणलं, बगू तरी. एवढी शिकल्याली ही, ह्यास्नी ताजं आन शिळं कळतंय का. दही ते दहीच, इरजाण जुनं असलं म्हणून काय कडू लागतंय?

मी आत गेले, इरजाणाच्या फ्लॉपीला बी लाल दोरा बांधला, आन साळसूदपणे भाईर आणून दिली. "ही घे. सुजातानं मगाशीच आणून दिली, मी इसरले."

त्येनं पायताण काढलं आन गेला. कोपऱ्यात दोन पायताणं. सुजाताचं बोटभर, आन सुकुमारचं होडीएवढं. मी एकटीच हसत बसले. काय मजा वाटली हुती मला.

दुसऱ्या दिशी सकाळी सुजाता आली. "आत्ती, सगळे आनंदा जागेवर बसले. पिंपळाखालचा, चष्म्याचा, मिलिटरीतला, सगळे. आता एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर जाणार न्हाई." क्लासातलं पुसून आल्याली. फ्लॉपी दिली, पायताण घातलं, गेली.

दुपारी सुकुमार आला. "अक्षरं झाली, आत्ती." फ्लॉपी दिली, पायताण घातलं, पळाला जेवायला.

माझ्या हातात दोन फ्लॉप्या. दोन्हीला लाल दोरा. म्या त्या खाली ठिवल्या, चुलीवरचं दूध उतू चाललं म्हणून उठले, परत आले, आन आता कंची कुणाची? हिकडनं बगितली, तिकडनं बगितली. वास घिऊन बगितला. पोरास्नी इचारावं, तर चेष्टा उघडी पडणार, आन माझी राखणदारी जाणार.

तेवढ्यात लाईट आली, आन इलास पळत आत आला. आमच्या एका गल्लीतच दोन दिस लाईटीचा पत्ता न्हवता.

"आत्ती, लौकर. लाईट कवा जाईल सांगता येत न्हाई. उद्या संघात जायचं, त्येच्या आदी इरजाण ताजं करून घेतो. कंची ताजी?"

तवा बी मला बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं, इलास, मी घोळ घातलाय, दोन्ही बग. एवढंच. पर मला वाटलं, मागनं आल्याली ती ताजी. सुकुमार मागनं आला. आन सुकुमारची कंची? तर एकीवर बोटाचा तेलकट डाग हुता. त्येच्या बोटाला कायम भज्याचं तेल. म्या डागाची फ्लॉपी फुडं केली. "ही ताजी. ही दुसरी इरजाणाची."

सुकुमारची वळखण्यात मी चुकले न्हाई बरं का. तेवढं बरोबर हुतं. म्हणूनच तर सगळं बुडालं.

इलासनं सुकुमारच्या फ्लॉपीवरलं सगळं सुजाताच्या फ्लॉपीवर उतरवलं. त्यात सुजाताचं एक अक्षर न्हवतं, कारण सुकुमारनं काम केलं ते जुन्या इरजाणावर. आन तिचं जे हुतं, ते इलासनं माझ्या डोळ्यादेखत पुसलं. मी वर त्येला च्या करून दिला.

दुसऱ्या दिशी संघात मी बी गेले, ठेवणीतलं लुगडं नेसून. माझी राखणदारी बगाय नगं का चेअरमनला? टेबलाभोवती समदं डायरेक्टर बसल्यालं. सुजाता मशीनपुढं बसली. चेअरमन म्हणला, "आमच्या गावातल्या आनंदा मोऱ्याचं आज सकाळचं दूध दावा."

सुजातानं बटणं दाबली. पडद्यावर आनंदा मोरे आला. एकच. आन त्या एकट्यानं सकाळच्या धारेला टँकरभर दूध घातल्यालं.

समदी पडद्याकडं वाकली. मग एक डायरेक्टर म्हणला, "ही म्हैस कुठल्या बाजारातली? मला बी एक आणा गड्या."

दुसरा म्हणला, "म्हैस ऱ्हाऊ द्या, पिळणाऱ्याचं हात बगू."

समदी हसली. चेअरमन तेवढा हसला न्हाई. म्हणला, "आनंदा मोरे माझं बी नाव हाय. माझ्या गोठ्यात शेळी बी न्हाई, आन ह्या मशीननं माझ्या नावावर टँकर लावलाय. उद्या लोक काय म्हणतील?"

सुजाता बटणं दाबत हुती. परत दाबत हुती. "मी केलं होतं. दादा, खरंच मी केलं होतं."

इलास सगळ्यांफुडं म्हणला, "झालं न्हवतं तर झालं न्हाई म्हणायचं हुतं, सुजाता. खोटं कशाला बोलायचं?"

तशी ती वळली. माझ्याकडं. "आत्ती, मी तुम्हाला सांगून ठेवलं होतं ना? पिंपळाखालचा, चष्म्याचा, मिलिटरीतला. सांगा ना यांना."

सगळी खोली माझ्याकडं बगाय लागली. मला तवा समदं उमगलं हुतं बरं का. दोन दोरं, डाग, च्या, समदं. आन मी, जी कुणाला उत्तर दिल्याबिगर ऱ्हात न्हाई, मी काय म्हणले ठावं हाय?

"मला काय कळतंय त्यातलं, बाबा. मी आडाणी बाई."

जल्मात एकदाच मी सवताला आडाणी म्हणून घेतलं. ते बी त्या पोरीला तोंडघशी पाडायला.

ती काय बोलली न्हाई. उलट जवाब देणारी पोरगी, काय बोलली न्हाई. संघानं ते काम पुण्याच्या पार्टीला दिलं, तितल्या तितंच.

दुसऱ्या दिशी तिचा बाप आला, कंडक्टरच्या खाकीतच. "जय भीम, आत्ती," म्हणला, आन उंबऱ्याभाईर हुबा ऱ्हायला. सुजाता आपलं सामान न्यायला आली हुती. तवा म्या सांगितलं. बापाला, इलासला, सुकुमारला, सगळ्यांफुडं सांगितलं. दोरा, इरजाण, समदं. म्हणलं, पोरीचं काय चुकलं न्हाई, तिला ठिवा हितं, मी चेअरमनच्या पाया पडते.

बापानं ऐकून घेतलं. मग म्हणला, "काल बोलला असता तर गाडी थांबवता आली असती, आत्ती. आता सुटली." आन पोरीची पिशवी उचलून चालाय लागला.

मी चेअरमनकडं गेले बी. शिपायानं दारातच सांगितलं, साहेब टँकरवाल्यांना भेटत न्हाईत.

फुडं काय? इलास साखर कारखान्यात नोकरीला लागला. माझ्याशी हूं का चूं न्हाई, पार दिवाळीपतूर. सुकुमार हळदीत परत गेला. फुडच्या खोलीत आता ज्वारीची पोती असत्यात.

आन सुजाता? पहिलं स्थळ आलं, तर तिनंच पोराला प्रश्न इचारलं, ते परत आलं न्हाई. दुसरं बी तसंच. शेवटी बाप म्हणला, जा मावशीकडं पुण्याला. तितं ती नोकरीला लागली. मोठं हापिस म्हणं, काचंचं.

लय दिसांनी आली हुती एकदा. हितंच बसली हुती, तुमी बसलाय तिथं.

"तितं काय करतीस गं?" म्या इचारलं.

"खूप माणसं मिळून एकच प्रोग्राम लिहितात, आत्ती. कोणी काय घेतलं, काय बदललं, ताजं कुठलं, जुनं कुठलं, ते सांभाळायचं काम माझं."

"म्हंजे माझंच काम."

"तुमचंच. फक्त मला विचारलं की मी गप्प बसत न्हाई."

मी तिच्या कपात च्या गाळला. म्हणलं, "अजून राग हाय का गं?"

"हाय," ती म्हणली. "न्हाई म्हणलं तर तुम्हाला झोप लागंल."

आन हसली. पर ते आदीसारखं न्हवतं हां. इस्लामपुरात एकेक आनंदा सापडल्यावर जे हसायची, ते हसणं मी तितंच पुसून टाकलं, त्येचं इरजाण कुणी काढून ठिवलं न्हवतं.

जाताना दारात थांबली. म्हणली, "एक सांगायचं राहिलं. आमच्या हापिसात कुणी जुन्यावर काम केलं आणि दुसऱ्याचं नवं पुसलं, की त्याला काय म्हणतात माहितीय? आत्ती. 'आज आत्ती कुणी केली?' असं साहेबसुद्धा विचारतो. परदेशातनं फोन आला तरी तेच सांगतो, सॉरी, इकडं आत्ती झाली. त्याला वाटतं, तो कॉम्प्युटरमधलाच शब्द हाय."

काय दात काढताय? च्या संपला न्हवं? ठिवा ती कपबशी खाली. जावा आता, मला भांडी घासायची हायती.